मूळव्याधीवरचं बेकन

तुम्ही आज हॉटेलात जाऊन बेकन खाता, पण आम्ही ते अठ्ठ्याहत्तर साली नाशिकरोडच्या भाड्याच्या खोलीत केलंय, तेही घरमालकीण माळकरी असताना!

आमचे हे देवळाली कॅम्पात क्लार्क होते. त्यांच्या साहेबांच्या बाईंनी एक पाकीट दिलं. आत डुकराच्या मांसाचे खारवलेले पातळ काप. 'साखर लावून भाजा,' एवढंच त्यांनी सांगितलं. घरात साखर नव्हती, म्हणून मी गूळ किसून लावला. खिडक्या लावून घेतल्या आणि तवा स्टोव्हवर ठेवला. पण गुळाचा पाक झाल्यावर वास कुठला ऐकतोय!

दारावर थाप पडली. बाहेर मालकीणकाकू. "काय गं, चिक्की करतेस?"

खोली गेलीच म्हणायची! तेवढ्यात हे मागून म्हणाले, "नाही हो काकू, औषध आहे. मूळव्याधीवरचं."

"अगं बाई! आमच्याकडेही तोच त्रास. थांबा, यांना पाठवते."

नको म्हणेपर्यंत त्या गेल्यासुद्धा. दोन मिनिटांत काका हजर.

हे चाचरत म्हणाले, "काका, खरं सांगतो, तुम्हाला नाही चालायचं. त्यात..."

काकांनी तव्यावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि दाराला आतून कडी घातली.

"वीस वर्षं मिलिटरीत ड्रायव्हर होतो मी," ते हळूच म्हणाले. "मला सांगतोस?"

उभ्या उभ्या चार काप खाल्ले, बोटं चाटली आणि जाता जाता मला म्हणाले, "सूनबाई, आमच्या हिला सांग, कोर्स महिनाभराचा आहे."