प्रीअँप गाडीत, डबा देवापुढे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मारुती भजन मंडळाचे सर्वांत जुने गायक आदरणीय मनिरामजी, व्यासपीठावर बसलेल्या सरपंच चंद्रकलाताई, सत्कारमूर्ती श्री. भूपेंद्रभाऊ, सौ. रेणूवहिनी आणि शेतातली कामं टाकून या सभामंडपात जमलेल्या कोंढ्याच्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

भूपेंद्रभाऊ आज गाव सोडून नागपूरला लेकाकडे, अमरकडे, राहायला चालले आहेत. मला त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. चंद्रकलाताई सकाळीच म्हणाल्या, "मारोतराव, गोड बोलजा बरं." मी म्हणालो, "ताई, खरं बोलतो. त्यात गोड निघालं तं निघालं."

मी बोलत असताना मागून ही घरघर येते आहे. ऐकू येते ना? यात प्रीतमचा दोष नाही. पवनीहून आयत्या वेळी भाड्याचा सेट आणायला सांगितला, तो बिचारा घेऊन आला. आपल्या मंडपात अशी घरघर तुम्ही शेवटची कधी ऐकली होती? आठवत नसेल. ती का ऐकू येत नव्हती आणि आज का येते आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

आपल्या मंडळाचा प्रीअँप्लिफायर भूपेंद्रभाऊंनी स्वतःच्या हातांनी बनवला. माईकमधून आणि हार्मोनियममधून येणारा बारीक आवाज मोठ्या मशीनकडे जाण्याआधी सावरून घेणारी ती वस्तू. फार उत्तम बनवली आहे. माझा त्यांच्यावर राग आहे, तरी हे मी मारुतीरायासमोर कबूल करतो. मनिरामजींचा आवाज वयानं पातळ झाला, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत जसाच्या तसा पोचायचा. दम घेतलेलाही ऐकू यायचा. बाजारच्या मशीनमधून असं होत नाही.

त्या प्रीअँपला वीज पुरवणारा डबा मी बनवला. माझा धानाचा व्यापार, भाऊंचं किराणा दुकान, आणि दोघांनाही शाळेपासून हा एकच छंद. भाऊंनी डब्याला कधी दुसरं नाव दिलं नाही. "मारोतचा डबा." आता डब्यात काय असतं? आपल्याकडची लाईन तुम्हाला माहीत आहे. शेतातले पंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, पंप बंद झाले की डोळे दिपतात. प्रीअँपला हे चालत नाही. त्याला एका बाजूनं पंधरा व्होल्ट अधिक आणि दुसऱ्या बाजूनं पंधरा व्होल्ट उणे, तेही न हलता, न थरथरता लागतात. बोडीच्या तळ्यात पाणी वर गेलं काय, खाली गेलं काय, धानाच्या बांधीत धार सारखीच पडली पाहिजे, तसं. ट्रान्सफॉर्मर जवळ असला तरी प्रीअँप गुणगुणतो, म्हणून मी डबा वेगळा केला आणि मधे हातभर केबल ठेवली. प्रीअँप हार्मोनियमजवळ, डबा खांबामागे. खांबामागे कोण बघतो? बघू नयेच. माझी तक्रार ती नाही.

पण एक प्रसंग सांगतो, कारण तो आजवर या गावात उलटा सांगितला गेला आहे.

हनुमान जयंतीचं भजन. मी डबा लावून बाहेर पाय धुवायला गेलो. आत आलो तर खांबामागून धूर आणि भाऊ माईकविना ओरडून लोकांना सांगत आहेत, "घाबरू नका, घाबरू नका! मारोतच्या डब्यानं दगा देल्ला!" लोक हसले. तुमच्यातलेही काही हसले होते.

घरी नेऊन डबा उघडला. त्यात व्होल्टेज धरून ठेवणारे दोन भाग असतात. दिसायला जुळे भाऊ. पण अधिक बाजूच्या भागाची धातूची पाठ अर्थिंगला जोडलेली असते आणि उणे बाजूच्या भागाच्या पाठीत करंट असतो. म्हणून त्या दुसऱ्याच्या पाठीशी करंट अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा ठेवून मगच तो पत्र्यावर कसायचा. मी तसा कसला होता. उघडून बघतो तर नवीन जाड पत्रा, दोघं एकाच पत्र्यावर आवळलेले आणि अभ्रक गायब. फ्यूजच्या जागी तांब्याची तार.

मी भाऊंच्या दुकानात गेलो. "भाऊ, डबा तुम्ही उघडला होता?"

"हो. काल उघडला. लय गरम होऊन राहिला होता. म्हटलं मोठा पत्रा लावून देतो."

"अन् मधातला अभ्रक?"

"तो कागदासारखा तुकडा? फेकून देल्ला म्या."

"फ्यूजले तार काहून बांधली?"

"घडीघडी उडून राहिला होता ना बे!"

अहो, तो उडत होता म्हणजे सांगत होता! मी म्हणालो, "भाऊ, शनिवारी भजनात एवढं सांगा, की डबा तुम्ही उघडला होता." ते म्हणाले, "जाऊ दे ना मारोत, देवाच्या दारी कायचा मानपान?" गल्ल्यावर बसलेल्या रेणूवहिनींनी हे सगळं ऐकलं होतं. मी डबा पुन्हा बांधला, शनिवारी खांबामागे ठेवला आणि टाळ घेऊन बसलो. हे मी शांतपणे सोसलं असं कोणी समजू नये. दर शनिवारी टाळ वाजवताना तो धूर माझ्या नाकात असायचा.

तरी मी आज तो विषय काढला नसता. काढला तो सकाळच्या बोलण्यामुळे.

सकाळी सामान चढवताना मी गेलो. गाडीच्या मागच्या सीटवर, रजईत गुंडाळून, आपला प्रीअँप. मी विचारलं, "भाऊ, हा कुठी चालला?"

"नागपूरले. माह्या हातची वस्तू आहे. पोराच्या हॉलमधी ठेवीन."

"अन् शनिवारचं भजन?"

"तुहा डबा तुले ठेवलाच आहे ना! वाजव तो!"

गाडी भरणारी माणसं हसली. चांगला विनोद होता. एकट्या डब्यातून आवाज निघत नाही आणि बिनडब्याचा प्रीअँप मुका असतो, हे त्या दोघांना बनवणाऱ्यांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

हातची वस्तू म्हणता, तर भाऊ, मलाही विचारू द्या. प्रीअँप पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा त्याला कुंकू कोणी लावलं? मनिरामजींनी पहिलं पद संपवलं, तेव्हा "हे देवाले वाहिलं" असं कोण म्हणालं? मी शेजारीच उभा होतो. वाहिलेलं फूलसुद्धा आपण परत घरच्या फुलदाणीत लावत नाही. मग ही वस्तू पोराच्या हॉलमध्ये कशी लागेल?

या मंडळाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाव सोडणाऱ्यानं आपलं वाद्य स्वतःच्या हातानं देवापुढे ठेवायचं, नमस्कार करायचा आणि रिकाम्या हातानं उंबरा ओलांडायचा. जिजाबाई लेकीकडे कायमच्या गेल्या, तेव्हा चिपळ्या ठेवून गेल्या. भूपेंद्रभाऊंनी टाळ कधी धरला नाही. त्यांचं वाद्य तेच. तिकडे बघा, मारुतीरायापुढे पाट मांडला आहे. त्यावर माझा डबा आहे. माझा मान म्हणून ठेवलेला नाही. शेजारची जागा रिकामी दिसावी म्हणून ठेवला आहे.

रेणूवहिनी, तुम्ही उठलात. हातात गाडीची चावी दिसते आहे. वहिनी, हात जोडतो, बसा. ती वस्तू तुम्ही आणू नका. अमर, तूही बस. जे ज्यानं उचललं ते त्यानंच ठेवायचं असतं.

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत, चंद्रकलाताईंनी मधे अडवलं नाही, प्रीतम धावत आला, आपण सर्वांनी निरोपाच्या दिवशी हे कडू ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. कोणाचं मन दुखावलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. रागाबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. तो अजून आहे, आणि पाटावरच्या त्या रिकाम्या जागेसमोर तो जाणारही नाही.

आता मी हा माईक बंद करतो. घरघर थांबेल. मंडपात शांतता होईल आणि गाडी तर दाराशीच उभी आहे. भाऊ, तिचं दार उघडल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना इथे ऐकू येईल. आम्ही बसलो आहोत.

जय बजरंगबली.