एका शनिवारचा मलेरिया

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले विभागीय संचालक डॉ. सेनानू अगबोझा साहेब, आणि जेवणाच्या वासाने मागे वळून वळून पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी झिग्बोर्दी, डोकपो आरोग्य केंद्राची नर्स. गौरवाचे दोन शब्द बोलायला उभं केलंय, तेव्हा गौरवच करते.

साहेबांच्या बारा वर्षांत आपल्या विभागात अन्नातून विषबाधेची एकही साथ नाही. एकही! दर सोमवारी राजधानीला, आक्राला, अहवालात शून्य जायचं, देशाच्या नकाशावर आपण हिरवेगार. आमच्या लोकांची पोटं काय लोखंडाची होती? छे हो, साहेबांचं पेन होतं.

चार वर्षांपूर्वी डोकपोत एका म्हाताऱ्याची माती झाली. बकऱ्याचा रस्सा शुक्रवारी शिजला आणि शनिवारी दुपारी, भजनं-भाषणं आटोपल्यावर, तसाच वाढला. रविवारी माझ्या ओसरीवर त्रेसष्ट माणसं, उलट्या-जुलाबांनी बेजार. काय खाल्लं विचारलं, तर त्या घरातली थोरली बाई माझ्यावरच डोळे वटारते, "मयताच्या जेवणाला नावं ठेवतेस? ताप आलाय पाहुण्यांना, ताप लिही!"

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अगं, आठ वर्षांचं शून्य मोडायला तुला माझंच राज्य सापडलं? मलेरिया लिही आणि गप बस." मी लिहिला. हात माझाच होता, नाकारत नाही.

आता मलेरियाला पातेलं लागत नाही, म्हणून स्वयंपाकिणीला कुणी चकार शब्द बोललं नाही. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावात तिने तसाच आदल्या दिवशी रस्सा करून ठेवला. आमच्या शाळेच्या एन्योनाम बाई तिथे जेवल्या. मलेरियाच्या गोळ्या गिळत गिळत मंगळवारी गेल्या. त्यांच्या मातीला आपण सगळे हजर होतो, आणि सोमवारी पुन्हा शून्य पाठवलं. मला त्याची अजून लाज वाटते.

साहेब, सगळ्यांनी तुम्हाला केंटेची मानाची विणलेली वस्त्रं दिली. मी त्या रविवारचा फॉर्म आणलाय, खरा भरलेला. त्रेसष्ट नावं आहेत, आणि खाली मी जोडलेलं चौसष्टावं, एन्योनाम बाईंचं. तुमची सही आज पाच वाजेपर्यंत चालते, आत्ता सव्वाचार झालेत. अध्यक्ष महोदय, आपलं पेन जरा द्याल का?

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा करा. फॉर्मवरच्या चुकीची क्षमा मात्र बाईंच्या यजमानांकडे मागावी लागेल. मीच बोलावलंय त्यांना, तिसऱ्या रांगेत बसलेत.