कावळा कशाला शिवला

(मुलांनो, तुम्ही शिरूरच्या एका घरात उंबऱ्यावर बसला आहात असं समजा. सृष्टीचे पप्पा कंपनीतून परतताना रोहिदासनं त्यांना गाडीसाठी ठार मारलं. त्याचा गुन्हा शाबीत झालाय. आज कोर्टात शिक्षेवर बोलणं आहे. आजी सिंधूबाई आणि काका दत्ता यांचं सकाळीच जुंपलंय.)

सिंधूबाई: फाशी मागायची न्हाई? मोर्चात वरडून घसा बसवलास, तोच ना तू?

दत्ता: तोच. सरकारी वकिलांनी घरच्यांचं मत विचारलंय. मी सांगणार, मरेपर्यंत आत ठेवा.

सिंधूबाई: कुणी फितवलं तुला?

दत्ता: कुणी न्हाई. चार वर्षं तारखांना जातोय. रोहिदासची आई, चांगुणाबाई, माझ्याच बाकड्यावर बसती. एकदा मला घेरी आली, तर तिनंच पाणी पाजलं.

सिंधूबाई: पाण्यानं माझा लेक माघारी येतो व्हय?

दत्ता: फाशीनं येतो का? उलट तीबी तुझ्यासारखी घाटावर बसंल, कावळ्याची वाट बघत.

सिंधूबाई: बरं नाव काढलंस. दहाव्याला घोडनदीवर ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा पिंडाला शिवंना. तू हात जोडून म्हणालास, ‘भाऊ, त्याला फासावर चढवीन,’ आन् लगेच शिवला. त्याची तीच इच्छा होती. मेलेल्याला दिलेला शब्द मोडतोस?

दत्ता: तिथंच तर अडतंय, आई.

सृष्टी: काका, कावळा फरसाणाला आला होता.

सिंधूबाई: गप गं. मोठ्यांच्यात बोलू नको.

सृष्टी: खरंच. पप्पा पगाराला फरसाण आणायचे ना, त्यातलंच उरलेलं माझ्या फ्रॉकच्या खिशात होतं. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा मी पिंडाजवळ ठेवलं. तो आला, शेव उचलली आणि गेला.

दत्ता: मग तवाच का न्हाई बोललीस?

सृष्टी: कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणत होते, शिवला एकदाचा.

सिंधूबाई: शेवच उचलली?

सृष्टी: हो. शेंगदाणे तसेच ठेवले.

सिंधूबाई: व्हय गं... लहानपणापासून शेंगदाणे बाजूला काढायचा.

दत्ता: आई, जाऊ?

सिंधूबाई: माझं मन अजून मानत न्हाई, दत्ता. त्यो रोहिदास समोर आला तर मीच नरडं धरीन. पर निस्त्या शब्दापायी फाशी मागू नको. तुला पटंल ते सांग.

दत्ता: येतो. एसटी चुकंल.

सृष्टी: थांबा, काका. ती आजी आज पण येणार?

दत्ता: येणारच. का गं?

सृष्टी: तुमची बाटली भरलीय. अजून एक भरते.