कापसाच्या खोलीतलं मिनिट

बसा बाप्पा, बसा. मागच्यायले आयकू येते का? येते, पण घुमते. मले माहीत आहे. कापूस भाव नाही म्हणून तुमच्या घरात, अन् सरकी काढाची ही जिनिंग मिल रिकामी. रिकाम्या शेडात आवाज घुमणार नाही तं काय होईन?

रहीमचाचा, चाची, शबाना आपा, राळेगावचे सारे दोस्त, अन् यवतमाळवरून आलेले गजूभाऊ. सलाम, नमस्कार, जयभीम. मी मिलिंद. माईक हातात आला की माही जीभ सुटते, हे तुमाले माहीत आहे. आज नाही सुटून राह्यली. सकाळपासून तीनदा घरून निघालो अन् तीनदा वापस गेलो. एकदा चष्मा विसरलो म्हणून, एकदा पाणी प्याले, अन् तिसऱ्या वेळी कायले गेलतो थे मलेच समजलं नाही.

अन् हो, गाठोड्यायचं सांगतो. हर माणूस मले इचारून राह्यला, का मिल्या, शोकसभेले कापसाचं गाठोडं घेऊन या म्हणून फोन काहून केला बे? आबाजीनं तं मले गेटावरच धरलं. म्हणे, खरेदी सुरू केली का, भाव काय लावला? आबाजी, भाव-बिव काही नाही. सभा झाली की आपलं गाठोडं आपल्या घरी न्याचं. कायले आणाले लावलं, थे मागून सांगतो. आधी मले एक गोष्ट कबूल करू द्या, नाही तं पुढचा शब्द निघणार नाही.

जावेदची ही दुसरी शोकसभा आहे. पहिली मी घेतली होती. तो जित्ता असताना.

तुमच्यातल्या अर्ध्यायनं थे आयकली. हासले बी. हासले म्हणून मी तुमाले दोष नाही देत. हासवाले मीच बसलो होतो.

पण सुरुवातीपासून सांगतो. ज्यायले आमचा पॉडकास्ट माहीत नाही, त्यायच्यासाठी. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर आयकाच्या गप्पा. आमच्या तं नुसत्या टवाळक्या. आम्ही तो सुरू केला त्या साली कापसाचा भाव पडला अन् आमचे बाबा अडून बसले. भल्ले जिद्दी माणूस. म्हणे, या भावात इकणार नाही, घरात ठेवीन. सारा वेचा समोरच्या खोलीत भरला, पार आढ्यापर्यंत. मी झोपाले अंगणात. अशात जावेद घरी आला. त्याच्या अब्बाचं, म्हणजे रहीमचाचाचं, गाद्या-रजायांचं दुकान, पिंजणाच्या मशीनपाशी वाढलेला माणूस. खोलीत शिरला, एक टाळी वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. म्हणे, "मिल्या, इथं आवाज मरते बे! असा स्टुडिओ मुंबईले बी नसन."

झालं. कापसात खड्डा केला, समोरासमोर बसलो, मधात मोबाईल ठेवला. शोचं नाव 'कापसाची खोली'. घरात कापूस ठेवला की अंगाले कशी खाज सुटते, थे इथं कोणाले सांगा लागते का? आमच्या पहिल्या भागात जे खर्र-खर्र आयकू येते ना, लोकायले वाटलं मोबाईल खराब आहे. अरे, आम्ही दोघं खाजवून राह्यलो होतो!

जावेदचा एक नेम होता. रेकॉर्डिंगच्या आधी एक मिनिट कोणी बोलाचं नाही. नुसती खोली रेकॉर्ड कराची. म्हणे, हर खोलीची आपली एक शांतता असते, थे आधी घेऊन ठेवली की मागून आवाज साफ करता येते. मले त्याचं हे शहाणपण झेपे नाही. मिनिटभर गप्प बसाचं म्हणजे मले शिक्षाच. मी तोंड वाकडं करो, डोळे फिरवो, त्याले हासवाले पाहो. तो हासे, पण आवाज काढे नाही, नुसतं पोट हाले. मिनिट झालं की माह्याकडे बोट करे अन् म्हणे, "हं, बोल, मिल्या." हर भाग असाच सुरू झाला. एकदा बी स्वतः आधी बोलला नाही. हर वेळी मलेच आधी बोलू देलं.

फाल्गुनात बाबानं कापूस इकला. भाव आला म्हणून नाही, आईले खाज सहन होईना म्हणून. खोली रिकामी झाली. आम्ही बसलो तं आवाज कसा? इहिरीत पडल्यासारखा. जावेदनं माईक बंद केला. म्हणे, थांबू. दिवाळीले नवा वेचा येईन, मंग सुरू करू. दिवाळी! मले आठ दिवस दम निघत नाही, अन् हा मले दिवाळी दाखवून राह्यला.

अन् तेवढ्यात गजूभाऊचा फोन आला. गजूभाऊ, मान खाली घालू नका, शिव्या देणार नाही. त्यायचा शो मोठा. आमाले हर हप्त्यात 'खाजरे पोट्टे' म्हणून चिडवाचे, आम्ही त्यायले 'फोमवाले शेठ' म्हणो. पक्की दुश्मनी. आता तेच म्हणे, मिलिंद, इकडे ये, एसीची खोली आहे, भिंतीले फोम आहे, बारा महिने चालते. एकट्यालेच बोलावलं. अन् मी गेलो. जावेदले सांगतलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, चांगली वेळ पाहून सांगू. चांगली वेळ आली का? नाही आली. त्यानं कसं आयकलं, माहीत आहे? जसं तुमी आयकलं तसंच. कानात लावून. "आपल्यासोबत आहे आपला नवा जोडीदार, मिलिंद!" अन् मी खिदळून राह्यलो.

फोन नाही केला त्यानं. भांडाले नाही आला. पंधरा दिवसानं त्याचा स्वतःचा शो आला. नाव 'उरलेला कापूस'. रहीमचाचाच्या गोदामात, शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर, मशीन बंद असे तवा रेकॉर्ड करे. पहिलंच वाक्य काय? "आपले एक कलाकार फोमवर बसाले गेले. बसू द्या. फोम एकदा दबला की दबला. कापूस पिंजला की पुन्हा फुलते." सारं राळेगाव हासलं. पानठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या. एसटी स्टँडवर लोक मले इचारे, काय फोम, दबला का? अन् माही आई कोणाचा शो आयके? त्याचा! म्हणे, तो तुह्यापेक्षा चांगला बोलते, अन् कमी बोलते.

मी उलटून मारलं. त्यानं उलटून मारलं. वर्षभर हेच चाललं. बोलणं बंद, पण एकमेकायचा हर भाग आयकल्याबिगर जेवण जाये नाही.

मंग वारं फिरलं. गजूभाऊ मले म्हणे, मिलिंद, दोन हप्ते आराम कर. अन् जावेद माह्या खुर्चीवर बसलेला आयकला मी. जे मी त्याच्याशी केलं, थेच त्यानं माह्याशी केलं. हिशोबानं बरोबर झालं. पण मले जे झोंबलं ना! आपल्याले चिमटा बसला की मंग समजते. त्यानं एकच भाग केला अन् निघून गेला. काहून गेला, थे गजूभाऊनं मले परवा सांगतलं. तिथं बी जावेद आधी मिनिटभर गप्प बसला. अन् भाग झाल्यावर म्हणे, "गजूभाऊ, तुमच्या खोलीले शांतताच नाही, नुसता फोम आहे. मिल्याले वापस घ्या. त्याले बारा महिने बोलाले लागते."

मले तवा हे माहीत नव्हतं. गजूभाऊनं वापस बोलावलं तरी मी आत जळून राह्यलो होतो. अन् तशात 'उरलेला कापूस' येणं बंद झालं. एक शुक्रवार गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. मले वाटलं, संपला याचा मसाला. म्हटलं, आता घ्या याची शोकसभा.

गजूभाऊ म्हणाले, हे माह्या खोलीत नको, जित्त्या माणसाची शोकसभा नसते घ्याची. गजूभाऊ, तुमच्यात थेवढी अक्कल होती, माह्यात नव्हती. मी त्यायच्याशी बी भांडलो अन् घरी येऊन केली. त्याच समोरच्या खोलीत. यंदा आईनं कापूस आत येऊच देला नव्हता, खोली रिकामी होती. जावेदच्या फोटोले हार घातला. "अत्यंत दुःखानं सांगा लागते की" असं सुरू केलं, रडका आवाज काढून. शेवटी म्हटलं, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहा. अन् त्या दोन मिनिटात तोंडानं कसले कसले आवाज काढले, थे चाचीसमोर सांगू शकत नाही. माह्या जिंदगीत एवढा कोणताच भाग चालला नाही.

जावेद तवा नागपूरले दवाखान्यात होता. रक्ताचा आजार. घरच्यायबिगर कोणाले सांगतलं नव्हतं.

मले माहीत नव्हतं. पंधरा दिवसापासून मी हर माणसाले हेच सांगून राह्यलो, मले माहीत नव्हतं. खरं आहे. पण इचारलं असतं तं माहीत झालं असतं ना? आमच्या गावावरून राळेगाव सायकलीनं अर्धा तास. तीन शुक्रवार आवाज नाही आला, तं दोस्त काय करते? जाऊन पाह्यते. बरा आहेस का बे, इचारते. मी माईक लावला.

जावेद दवाखान्यातच गेला. मातीच्या दिवशी मी कब्रस्तानच्या भिंतीबाहेर उभा होतो. आत जाची हिंमत झाली नाही. चाचा, मले माफ करा. मी माती बी नाही देऊ शकलो त्याले. तिसऱ्या दिवशी जावेदची मोठी बहीण, शबाना आपा, आमच्या घरी आली. मले वाटलं, आता थापड बसते. बसली असती तं बरं झालं असतं. आपा म्हणे, "झूठी शोकसभा में तू बोला था ना? अब सच्ची में भी तूच बोलेगा." अन् जावेदचा लॅपटॉप माह्या हातात देला. म्हणे, सुन ले पहले.

त्यात त्याच्या कच्च्या फायली होत्या. मी आयकत बसलो. हर फायलीत आधी मिनिटभर शांतता. पिंजलेल्या कापसातली, मऊ. अन् मंग त्याचा आवाज. "हं, बोल, मिल्या."

आमच्या जुन्या शोच्या नाही सांगत मी. 'उरलेला कापूस'च्या. जवा तो गोदामात एकटा बसे, तवाच्या. एकूणएक फायलीत. "हं, बोल, मिल्या" म्हणते अन् थांबते. जरासा थांबते. अन् मंग एकटाच सुरू करते, मले चिडवाले. तुमाले हे कधी आयकू आलं नाही, काहून की त्यानं थेवढं कापून टाकलं होतं. वर्षभर मी त्याले शिव्या देल्या, अन् वर्षभर तो आधी मले बोलाले जागा देत होता. मले सांगा, या माणसाशी मी कायले भांडलो?

शेवटची फाईल गोदामातली नाही. दवाखान्यातली आहे. माही शोकसभा आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. पंखा चालू आहे, कुठंतरी एक लेकरू रडून राह्यलं. मिनिटभर तसंच. मंग जावेद. आवाज बारीक झाला होता त्याचा. म्हणे, "मिल्या, तुही शोकसभा आयकली. हासलो बे. नर्स ओरडली माह्यावर. पण आवाज भल्ला घुमून राह्यला. रिकाम्या खोलीत केली का? पुढच्या वेळी कापसात कर."

बस. एवढंच. रागाचा एक शब्द नाही. काम कच्चं झालं म्हणून बोलला.

आता समजलं का आबाजी, गाठोडं कायले आणाले लावलं? मले ही जिनिंग भेटली तवा मी आत येऊन टाळी वाजवून पाह्यली. घुमली. दिवाळीपर्यंत थांबू म्हणे, तवा मी त्याचं सांगणं टाळलं. दुसऱ्यांदा नाही टाळणार. चला, मागची गाठोडी सोडा अन् भिंतीले लावा. चाची, तुमच्या मागं बी ठेवू द्या. गजूभाऊ, उठा, तुमी बी उचला. आज थोडी खाज तुमच्या बी अंगाले लागू द्या. आबाजी, तुमचं इथं, माह्या समोर.

झालं? थांबा. टाळी वाजवतो.

आयकलं? मेला आवाज. जावेद, आता जमलं बे.

आता मी तुमाले उभं राहाले सांगणार आहे. दोन मिनिटं नाही, एकच मिनिट. दोन मिनिटं मी एकदा नासवली. हे त्याचं मिनिट आहे. खाज सुटन, सुटू द्या. रडू आलं तं रडा. कोणाले हासू आलं तं पोटातल्या पोटात हासा, त्याची तीच रीत होती. मी बी यावेळी तोंड वाकडं करणार नाही. मिनिट झालं की आज बोट दाखवाची पाळी माही आहे. मी म्हणीन, "हं, बोल, जावेद." मंग कोणी घाई नका करू. तो माह्यासाठी जेवढा थांबे, तेवढं आपण थांबू. अन् मंग आपापलं गाठोडं उचलून घरी जाऊ.

उभे राहा बाप्पा.