रिकाम्या खोल्यांतले दिवे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, नवे मालक, आजी-माजी सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या वहिनी,

उद्या या हॉटेलला कुलूप लागणार. मानपत्रात माझ्या काउंटरवरच्या चौतीस वर्षांचं कौतुक केलंय, त्याबद्दल मी आभारी आहे. पण ते घेण्याआधी वहिनींना एक गोष्ट सांगायची आहे. दादा जाऊन चौदा महिने झाले, धीर झाला नाही. उद्या आपण पांगलो की राहूनच जाईल.

शहराच्या मध्यावरचं हे एकशे बारा खोल्यांचं हॉटेल. काय दिवस होते! खोली मिळाली नाही तर लोक नुसते लॉबीत बसून आमच्या छापील कागदावर घरी पत्रं लिहायचे. दादा, माझा मोठा भाऊ, खोल्यांची व्यवस्था बघायचा. त्यानेच मला इथे चिकटवलं. पुढे स्टेशन हललं, कचेऱ्या शहराबाहेर गेल्या. लिफ्ट बंद पडली ती पडलीच. सहा खोल्या भरल्या तरी आम्ही खूश.

तेव्हा युक्ती निघाली, संध्याकाळी रिकाम्या खोल्यांत दिवे लावायचे. रस्त्यावरून हॉटेल भरलेलं दिसावं म्हणून. सगळे समजतात, ती दादाची. नाही. माझी.

"भुतांना उजेड लागतो का रे?" दादा म्हणायचा. तरी पाच मजले चढायचा.

त्या दिवशी म्हणाला, "आज गुडघे ऐकत नाहीत. राहू दे."

मी म्हणालो, "मग टाळंच लावू या ना, दादा."

लागलं त्याला. वळला आणि जिना चढायला लागला.

थोड्या वेळाने एक जोडपं आलं. "बाहेरून फुल्ल दिसतंय. मिळेल का खोली?"

एवढं रिकामं हॉटेल, आणि मी सवयीने रजिस्टर चाळत म्हणतोय, "बघतो हं, एखादी असली तर." खोली दाखवायला दादासाठी घंटी वाजवली. आला नाही. रुसलाय, म्हटलं. मलाच राग आला. पुन्हा वाजवली नाही. त्यांना मीच दुसऱ्या मजल्यावर नेलं. तेव्हा दादा चौथ्या मजल्याच्या जिन्यात पडला होता. चाळीस मिनिटं तसाच. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर...

वहिनी, तुम्ही सगळ्यांना सांगता, "ह्यांचा हट्टच होता, कुणाचं ऐकायचे नाहीत." ऐकलं होतं त्याने. माझं.

हे मानपत्र मी घेऊ शकत नाही, अध्यक्षांनी राग मानू नये. इतकी वर्षं सर्वांनी सांभाळून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं बोललो, ते सभागृहाने पोटात घालावं.

वहिनी, क्षमेची घाई तुम्ही मात्र करू नका.