निघताना टोकू नये

गडचिरोली बसस्थानकावर चामोर्शीची गाडी सुटायला आली होती. माझ्या पुढच्या बाकावर लेकीसाठी मुलगा पाहायला निघालेलं एक जोडपं बसलं होतं. कंडक्टर त्यांच्यापाशी आला.

“कुठी जाता, भाऊ?”

“झालं! शुभ कामाले निघालो अन् यानं ‘कुठी’ म्हणून टोकलं. कमळे, उतर खाली.”

“अवो भाऊ, न विचारता तिकीट कसं देऊ?”

“गावाचं नाव सांगा, असं म्हणाचं. मांगच्या साली असंच एकानं टोकलं, तं सोयरीक मोडली.”

“पोराकडल्याईनं मोडली का?”

“नाई जी, त्याईले पसंत होती. आमच्या करिष्मानंच नाई म्हटलं.”

“कमळे, तू चूप बस.”

“बसलीच हाये. मी काई उतरत नाई.”

“बाई, या खेपेले पोरीले विचारलं का?”

“कोण विचारन? यायले कोणी विचारलेलं चालत नाई, अन् हे कोणाले विचारत नाई.”

“भाऊ, गाडी सुटून राह्यली. बसता का उतरता?”

“थांब ना बाप्पा दोन मिनिटं! कमळे, पोरीले फोन लाव.”

“कवाचाच लावला. घ्या, विचारा.”