न विचारता घेतलेला आवाज

माझ्या लेकीचं, मुक्ताचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही तिथल्या न्यू टाउन भागात राहायला आलो, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सारखी मोबाइलवर व्हिडिओ बघायची. मी म्हटलं, नुसतं बघू नकोस, काहीतरी बनव. घरातले आवाज रेकॉर्ड कर आणि ते जोडून गोष्ट तयार कर. फक्त माणसाचा आवाज त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

तिने कुकरची शिट्टी घेतली, लिफ्टचा दरवाजा घेतला, मासेवाल्या मावशींना विचारून त्यांची हाकही घेतली. एका दुपारी मात्र चेहरा पाडून आली.

"आई, एक आवाज मी न विचारता घेतला. पुसून टाकू?"

तिने तो लावला. स्वयंपाकघरात मीच बोलत होते. "आज पोळ्या करू की भाकरी?" असं विचारून थांबत होते, मग हसत होते.

"तू कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशीच नाही गं. इथे दिवसभर मराठीत बोलायला कोण आहे?"

मग मोबाइल बाजूला ठेवून तिने माझ्याजवळ स्टूल ओढलं.

"परत विचार," ती म्हणाली. "मी उत्तर देते."